रावणाच्या कोटातला सुद्दा

संपादकांचा फोन आला तेव्हा फेब्रुवारी चालू होता. “यंदा अंकाचा विषय ‘पाहुणे’,” ते म्हणाले, “आणि आधीच सांगून ठेवतो, गोवा नको. कोरेगाव पार्क तर नकोच. त्यावर दर तीन वर्षांनी कुणीतरी लिहितंच.” मी म्हटलं, मग लंकेला जाते, आर्थर क्लार्क यांच्यावर लिहिते. “विज्ञानकथा?” त्यांचा आवाज जरा पडला. कथांवर नाही, म्हटलं. ते दिवसभर काय करायचे, त्यावर.

हा प्रश्न माझ्या डोक्यात फार जुना आहे. मी मिरजेची. आमच्याकडे मिशन इस्पितळामुळे गोरे डॉक्टर आणि त्यांच्या बायका गावाला नवीन नव्हत्या. आजी सांगायची, की ही माणसं कामाच्या वेळी काय करतात ते कळतं, पण उरलेल्या वेळी काय करतात ते कुणालाच कळत नाही. आपल्याकडे उरलेल्या वेळेला पाहुणे, लग्नं, बारशी, शेजारी असतात. परमुलखातून आलेल्या माणसाला यातलं काहीच नसतं. त्याला नुसता वेळ असतो, आणि वर ऊन.

क्लार्क १९५६ मध्ये सिलोनला राहायला गेले आणि १९ मार्च २००८ ला कोलंबोत वारले. बावन्न वर्षं. इतकी वर्षं राहूनही कागदोपत्री ते शेवटपर्यंत ब्रिटिश नागरिकच राहिले. श्रीलंका सरकारच्या लेखी त्यांचा दर्जा होता ‘निवासी पाहुणा’. संपादकांना याहून नेमका पाहुणा कुठून आणून द्यायचा?

बार्न्स प्लेस

क्लार्क यांचं घर होतं ती कोलंबो सातमधली ही गल्ली बड्यांची. उंच भिंती, भिंतींवरून ओघळणारी बोगनवेल, फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला रखवालदार. मी ज्या तीनचाकीतून गेले ती बजाजची होती. श्रीलंकेतल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या तीनचाक्या बहुतेक बजाजच्याच. आपल्या वाळूजच्या कारखान्यातून निघालेलं वाहन कोलंबोत भेटलं की भाऊबंद भेटल्यासारखं होतं. मात्र मीटर बंद होता, तेव्हा भाऊबंदकीही आलीच.

चालकाला क्लार्क हे नाव नीट कळलं नाही. मग मी हाताने छत्रीचा आकार केला, छतावरच्या डिशचा. तेव्हा त्याचा चेहरा उजळला. “आ, सुद्दा महत्तया!” सिंहलीत गोऱ्या माणसाला सुद्दा म्हणतात. सुदु म्हणजे पांढरं, आणि हा शब्द आपल्या ‘शुद्ध’चाच वंशज. महत्तया म्हणजे साहेब. सुद्दा या शब्दात शिवी नाही, पण आदरही नाही. आपण ‘गोरा’ म्हणतो तितपतच.

घराच्या आत जाता आलं नाही आणि मी आग्रहही धरला नाही. तिथे आता दुसऱ्यांचा संसार आहे. पण या घराचा दिनक्रम पुष्कळ लोकांनी लिहून ठेवलाय, तो भिंतीबाहेर उभं राहूनही जुळवता येतो. अंगात लुंगीसारखं सरोंग. सकाळी चहा आणि बीबीसीच्या बातम्या. मग ‘अहंकारखोली’त काम. अभ्यासिकेला हे नाव त्यांनी स्वतःच ठेवलं होतं, कारण भिंती आपल्याच मानचिन्हांनी आणि फोटोंनी भरलेल्या. जगभरातून पत्रं इतकी येत, की उत्तराचा एक छापील कागदच करून ठेवला होता. मांडीवर पेप्सी नावाचा चिवावा जातीचा इवलासा कुत्रा. दुपारी जेवण, मग झोप. वामकुक्षी हा शब्द त्यांना ठाऊक नसेल, पण विधी ठाऊक होता.

आणि संध्याकाळी टेबल टेनिस. हे रोजचं. बौद्धालोक मावतेवरचा ऑटर्स क्लब घरापासून जवळ. मी तिथे डोकावले तेव्हा शाळकरी पोरं पोहण्याच्या तलावाकाठी ओल्या पावलांनी धावत होती, आणि आतून प्लास्टिकच्या चेंडूचा टकटक आवाज येत होता. क्लार्क यांना १९६२ मध्ये अचानक पक्षाघातासारखा आजार झाला. आधी मणक्याची दुखापत वाटली, नंतर पोलिओ ठरला. १९८८ मध्ये त्याच पोलिओने पुन्हा डोकं वर काढलं आणि हळूहळू चाकाची खुर्ची आली. पण पाय साथ देईनासे झाल्यावरही ते टेबलाला टेकून, एका हाताने कड धरून खेळत. या खेळाची मला गंमत वाटते. टेबल टेनिस एकट्याने खेळता येत नाही. रोज संध्याकाळी कुणीतरी समोर उभं राहायलाच लागतं. परक्या गावात रोज एक समोरचा माणूस मिळवणं ही लहान गोष्ट नव्हे.

साडेसहाला होणारी रात्र

उष्णकटिबंधात राहायला आलेल्या युरोपीय माणसाला ऊन छळतं असं आपण समजतो. उन्हाशी तो जमवून घेतो. छळते ती संध्याकाळ. कोलंबो विषुववृत्तापासून जेमतेम सात अंशांवर. बारा महिने सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि अर्ध्या तासात मिट्ट काळोख. इंग्लंडात जूनमध्ये रात्री नऊपर्यंत बागेत बसता येतं, इथे सातला दिवस संपतो. पुण्यातसुद्धा उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा दिवस यांत दोन तासांचा फरक पडतो, कोलंबोत तासाभराचाही पडत नाही. ऋतू नाहीत, शिशिर नाही, वसंत नाही. कुठला महिना आहे हे खिडकीबाहेर बघून कळत नाही. ज्यांनी इथे दारू जवळ केली त्यांच्यातले निम्मे या साडेसहाच्या रात्रीने गेले असावेत, असा माझा तर्क.

क्लार्क यांनी या काळोखाचा उपयोग केला. गच्चीवर चौदा इंची दुर्बीण होती. कोलंबोच्या आकाशाची खासियत अशी, की एकाच जागेवरून दोन्ही गोलार्धांतले तारे दिसतात. ध्रुव क्षितिजापासून सात अंशांवर कसाबसा टिकून असतो, आणि दक्षिणेला त्रिशंकू तारकासमूह चांगला वर येतो. अडचण ढगांची आणि बुरशीची. दमट हवेत भिंगावर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा काचेत शिरली की काच वाया. म्हणून इथे दुर्बिणी, कॅमेरे आणि पुस्तकं सांभाळणारे लोक कपाटात जळता बल्ब ठेवतात. कोकणात कपाटात कापूर ठेवतात, त्यातलाच प्रकार.

१९७५ मध्ये याच घरावर आणखी एक पाहुणा आला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताने घेतला होता आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शाळा असे कार्यक्रम थेट उपग्रहावरून दाखवायचा ‘साईट’ प्रयोग चालू होता. उपग्रहावरून जगभर संदेश पाठवता येतील, त्यासाठी त्याला विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवावं लागेल, हे क्लार्क यांनी १९४५ मध्येच एका ब्रिटिश मासिकात मांडलं होतं. त्याची आठवण ठेवून भारतीय अभियंते कोलंबोला गेले आणि त्यांच्या छतावर मोठी छत्री बसवून आले. श्रीलंकेत दूरचित्रवाणी सुरू झाली १९७९ मध्ये. म्हणजे त्या वर्षी सबंध देशात टीव्हीवर काही दिसत असेल तर या एका घरात, आणि दिसत होतं काय, तर भारतातल्या शेतकऱ्यांसाठी खतं-बियाण्यांची माहिती. विज्ञानकथेच्या लेखकाला भविष्यकाळ भेटला तो असा, शेणखताच्या वासासकट. तीनचाकीवाल्याला नाव न सांगता छत्री सांगितली तर कळलं, ते उगीच नाही.

पाण्यात पाय लागत नाहीत

हे सगळं झालं घरातलं. पण ते सिलोनला आले ते समुद्रासाठी. १९५४ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाला जाताना बोट कोलंबोला थांबली, तेवढ्या थोडक्या वेळात रॉडनी जोंकलास या डच वंशाच्या सिलोनी पाणबुड्याशी गाठ पडली. जोंकलास प्राणिशास्त्र शिकलेला, मासे पाठ असलेला माणूस. दोन वर्षांनी क्लार्क आपला मित्र माइक विल्सन याला घेऊन परतले ते राहायलाच. इंग्लंडातले हिवाळे पुरे झाले होते, आणि सिलोनला राहणं स्वस्त होतं. दोन्ही कारणं त्यांनी कधी लपवली नाहीत.

पाणबुडीचं खरं कारण मात्र वेगळं. अंतराळात जाता येत नव्हतं. वजनाशिवाय तरंगण्याचा अनुभव घ्यायचा तर सामान्य माणसाला एकच स्वस्त जागा होती, समुद्राचं पाणी. पुढे पाय गेल्यावर या छंदाचा अर्थच बदलला. जमिनीवर अपंग झालेला माणूस पाण्यात पूर्ववत होतो. आपण पाण्याखाली पूर्ण धडधाकट आहोत, असं ते सांगत.

माझं आजोळ मालवणचं, म्हणून या भागात मला जरा जास्त रस. सिंधुदुर्गाच्या तटाखाली आज पर्यटकांना नळी तोंडात देऊन पाण्यात सोडतात, तारकर्लीला शासनाची प्रशिक्षण संस्था आहे. पण माझ्या मामांच्या पिढीत समुद्र हा मासे देणारा आणि माणसं नेणारा होता, तो बघायला कुणी आत जात नसे. सिलोनच्या किनाऱ्यावरही तेच. पाण्याखाली नुसतं बघायला जाणारा सुद्दा हा तिथल्या कोळ्यांना वेडाच वाटला असणार. पण या वेडाला बोट लागते, नांगर टाकणारा लागतो, प्रवाह कधी फिरतो हे सांगणारा लागतो. हवेच्या टाक्या भरायला यंत्र लागतं आणि यंत्र बिघडलं की गावातला मिस्त्री लागतो. हिक्कडुव्याला हेक्टर एकनायक यांच्याबरोबर पाणबुडीचा व्यवसाय उभा राहिला आणि याच एकनायक कुटुंबाबरोबर क्लार्क शेवटपर्यंत एका घरात राहिले. छंदातून भागीदारी, भागीदारीतून घर. कनत्तेच्या दफनभूमीत ते पुरले आहेत तेही हेक्टर यांच्या भावाशेजारी, लेस्ली यांच्याशेजारी. लेस्ली १९७७ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेले. मी गेले त्या दिवशी थडग्यावर चाफ्याची दोन फुलं होती, वाळलेली, बहुधा वरच्याच झाडाची.

औरंगजेबाचे रुपये

आता जी गोष्ट सांगते तिच्यासाठी मी लंकेला गेले म्हटलं तरी चालेल.

दक्षिण-पूर्व किनाऱ्यापासून तेरा-चौदा किलोमीटर आत समुद्रात खडकांची एक रांग आहे. इंग्रजी नकाशात तिचं नाव ग्रेट बासेस, पोर्तुगिजांच्या ‘उथळ’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. सिंहली नाव महा रावण कोटुव. कोटुव म्हणजे कोट. रावणाचा थोरला कोट. थोडं पुढे कुडा रावण कोटुव, म्हणजे धाकटा कोट. रावणाची लंका बुडाली, उरले ते हे बुरूज, असं तिथले लोक सांगतात. १८७३ मध्ये इंग्रजांनी थोरल्या कोटावर दीपगृह बांधलं, ते अजून उभं आहे.

मार्च १९६१ मध्ये विल्सन दोन अमेरिकन पोरांना घेऊन या दीपगृहाशेजारी पाण्यात उतरला होता. खडकांच्या सांदीत त्यांना आधी तोफा दिसल्या, लहान पितळी. आणि मग चांदी. सुट्टी नाणी होतीच, पण बरीचशी गोळा होऊन चिकटलेली. गोणत्यात भरलेली नाणी, गोणतं कुजून गेलं, आणि नाणी एकमेकांना धरून गोणत्याच्या आकारातच राहिली. एका गठ्ठ्यात साधारण हजार. मोगल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक गठ्ठा साडेअकरा किलोचा. दोन हातांनी उचलायचा.

ही नाणी सुरतेच्या टांकसाळीतली, औरंगजेबाची, हिजरी १११३ ची. एकाच सालाची आणि न वापरलेली.

अशा रुपयाची एक बहीण मी जाण्याआधी पुण्यात एका संग्राहकाकडे हातात घेऊन पाहिली होती. आकाराने आपल्या जुन्या आठ आण्यांएवढी, पण जाड. एका बाजूला फार्सी ओळी, बादशहाच्या नाण्याला पौर्णिमेच्या चंद्राची उपमा देणाऱ्या. दुसरीकडे टांकसाळीचं नाव आणि बादशहाच्या कारकिर्दीचं साल. ठसा नाण्याहून मोठा असल्यामुळे अक्षरं कडेला तुटलेली. नखाने टिचकी मारली तर आवाज घुमला. संग्राहक म्हणाले, “ताई, हा वापरात फिरलेला आहे. कडा बघा कशा झिजल्यात. तिथले कोरे असणार.”

हिजरी १११३ म्हणजे जून १७०१ ते मे १७०२. मराठी वाचकाला हे साल वेगळं सांगायला नको. राजाराम महाराज जाऊन वर्ष उलटलेलं, ताराबाईंच्या हाती कारभार, आणि औरंगजेब स्वतः विशाळगडाच्या वेढ्यात अडकलेला. डिसेंबर १७०१ मध्ये सुरू झालेला वेढा जून १७०२ पर्यंत चालला. बादशहा सह्याद्रीत चिखल तुडवत एकेक गड घेत होता, त्याच वर्षी त्याच्या नावाचे कोरे करकरीत रुपये सुरतेत गोणत्यांत भरून पूर्वेला निघाले आणि रावणाच्या कोटावर आपटून बुडाले. अडीचशेहून अधिक वर्षांनी त्यांना हात लागला तो छंद म्हणून मासे बघायला उतरलेल्या एका सुद्द्याचा. शाळेत बाईंनी इतिहास असा शिकवला असता तर मी वह्या नीट भरल्या असत्या.

क्लार्क यांनी यावर पुस्तक लिहिलं, ते १९६४ मध्ये आलं. त्याआधी विल्सनने पाण्याखालच्या खजिन्यावरच एक सिंहली चित्रपट काढला, ‘रन्मुतु दुव’, १९६२ चा. तो सिंहलीतला पहिला पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट. पैसा क्लार्क यांचा. म्हणजे दोन परक्यांच्या छंदातून एका देशाच्या पडद्याला रंग आला. याच विल्सनने १९५६ मध्ये त्रिंकोमालीच्या कड्याखाली बुडी मारताना कोणेश्वराचं शिवलिंग वर काढलं होतं. ते देऊळ १६२४ मध्ये पोर्तुगिजांनी कड्यावरून समुद्रात लोटलं होतं. त्रिंकोमालीला या खेपेस माझं जाणं झालं नाही. विल्सन पुढे घरदार, कॅमेरा, बुड्या सगळं सोडून संन्यासी झाला, स्वामी शिव कल्की. क्लार्क जन्मभर नास्तिक. एकाच बोटीतून उतरलेली दोन माणसं.

समुद्राकाठची गाडी

कोलंबो फोर्टहून हिक्कडुव्याला जाणारी गाडी समुद्राला इतकी लगटून जाते, की भरतीला शिंतोडे खिडकीत येतील असं वाटतं. तिसऱ्या वर्गात आंबोळीच्या आकाराची वडी विकणारा चढला, मग लॉटरीवाला, मग तबला घेतलेला आंधळा गायक. शेजारच्या बाईंनी मला “अक्का” म्हणून जागा दिली. सिंहलीत मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. आमच्या मिरजेकडेही अक्काच. क्षणभर सांगली-कोल्हापूर पॅसेंजरमध्ये असल्यासारखं वाटलं.

हिक्कडुव्याच्या अलीकडे पेरलिय येतं. २६ डिसेंबर २००४ ला याच रुळांवर उभ्या गाडीवर त्सुनामी आली आणि हजाराहून जास्त माणसं डब्यांतच गेली. रुळांजवळ बुद्धाची उंच मूर्ती उभी आहे. गाडी वेग कमी करत नाही, डब्यातले आवाज मात्र खाली येतात. त्याच लाटेने हिक्कडुव्याचं पाणबुडी केंद्रही नेलं, टाक्या, बोटी, सगळं. क्लार्क तेव्हा सत्याऐंशी वर्षांचे होते.

आजचं हिक्कडुवा थोडं मालवणसारखं, थोडं कलंगुटसारखं. काचेच्या तळाच्या बोटीतून पोवळी दाखवतात. मीही गेले. काचेतून दिसलं ते मोडलेल्या बांगड्यांच्या ढिगासारखं. पूर्वी इथली पोवळी चुन्याच्या भट्ट्यांत गेली, उरली त्यांतली बहुतेक १९९८ च्या तापलेल्या पाण्यात पांढरी पडून मेली. पोपटमासे तेवढे मजेत होते. नावाडी एकोणीस-वीस वर्षांचा, त्याने नांगर थेट पोवळ्यावरच टाकला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मालवणात माझ्या मावसभावाच्या बोटीत मी तेच बघितलंय आणि तेव्हाही काही बोलले नव्हते.

या किनाऱ्यावर पाणबुडीचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे आले की पाणी गढूळतं आणि सगळा धंदा पूर्व किनाऱ्याला जातो, त्रिंकोमालीकडे. तिकडचा समुद्र तेव्हा आरशासारखा. म्हणून ज्याला समुद्राचा नाद आहे त्याच्या आयुष्यात ऋतू परत येतात. छातीवर वारा कुठून लागतो यावर त्याचं पंचांग.

उशीवरचं कापड

गॉलच्या बाजूला एका जर्मन बाईंकडे दोन दिवस राहिले. वय अडुसष्ट, शाळेतून निवृत्त. पंचावन्नच्या पुढच्या परदेशी माणसांसाठी श्रीलंकेने एक योजना काढली आहे. सुरू झाली तेव्हा तिची अट होती १५,००० डॉलरची ठेव आणि दरमहा १,५०० डॉलर बाहेरून आणणं. दर दोन वर्षांनी कागद नवे करायचे. बाईंनी कागदांची फाइल दाखवली तेव्हा मला आपल्याकडच्या सात-बाराची आठवण झाली.

पहिलं वर्ष वाईट गेलं, म्हणाल्या. पुस्तकं वाचून संपली. पोहून झालं. संध्याकाळी साडेसहाला रात्र. माकडांनी छपराची कौलं सरकवली तेवढीच काय ती बातमी. मग बाजूच्या घरातल्या एका म्हातारीकडे त्यांनी बीरलु बघितलं. पोर्तुगिजांनी आणलेली ही लेस विणायची कला या किनाऱ्यावर अजून जिवंत आहे. उशीवर आलेखाचा कागद टाचण्यांनी टोचतात, दोरे लाकडाच्या लहान लहान रिळांवर गुंडाळलेले असतात, त्याच रिळांना बीरलु म्हणतात. ही रिळं एकमेकांवरून टाकत जायची. हातभर पट्टीला चाळीस-पन्नास रिळं. आवाज पत्त्यांसारखा, किंवा वाळलेल्या चिंचोक्यांसारखा. म्हातारीला जर्मन येत नाही, बाईंची सिंहली तोडकी, पण दोघींच्या हातांना मोजणी एकच. “एक, देक, तुन, हतर,” बाई मोजत होत्या. सकाळी आठ ते बारा रोज तिथेच. चुकलं की म्हातारी बोटांवर रीळ मारते.

आता त्यांना लग्नांची आमंत्रणं येतात. मी विचारलं, परत जावंसं वाटतं का? त्या म्हणाल्या, पट्टी अर्धी आहे.

पाण्यातून चालत जायचं बेट

वेलिगामाच्या खाडीत टॅप्रोबेन नावाचं एक बेट आहे, बेट कसलं, झाडं उगवलेला खडकच. कंबरभर पाण्यातून चालत जावं लागतं. तिथे काउंट द मॉनी या माणसाने १९२० च्या दशकात घर बांधलं. १९५२ मध्ये ते अमेरिकन लेखक पॉल बोल्स यांनी घेतलं. वीज नाही, नळ नाही, रात्री झाडांवर वटवाघळं. त्यांच्या पत्नीला ते मुळीच मानवलं नाही. बोल्स यांनी तिथे एक कादंबरी लिहून पुरी केली, तीही मोरोक्कोवरची, आणि काही वर्षांत बेट विकून टाकलं. क्लार्क येऊन राहिले त्याच सुमारास बोल्स निघून गेले. बेटावर राहून खुद्द बेटाशी काही देणंघेणं नसलेला हा लेखक मला फार रुचत नाही. कादंबरी चांगली असेलही.

वेलिगामात आज किनाराभर लाटांवर स्वार व्हायला शिकणाऱ्यांची झुंबड असते. शिकवणारी पोरं गावातली, कोळ्यांची. सकाळच्या वेळी पाण्यात सुद्दो आणि मल्ली एकमेकांना ओरडून सूचना देताना दिसतात. मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. हे चित्र मला आवडलं. पण तिथून जवळच उनवटुना आहे, तिथली फेब्रुवारी २०२४ ची गोष्टही सांगायला हवी. रशियन मंडळींनी एक पार्टी जाहीर केली, प्रवेश फक्त गोऱ्यांना. समाजमाध्यमांवर आगडोंब उसळला आणि पार्टी रद्द झाली. युक्रेनच्या युद्धानंतर अडकलेल्या रशियन आणि युक्रेनी लोकांना सरकारने दोन वर्षं मुक्काम वाढवून दिला होता. त्याच महिन्यात ती सवलत संपवण्याची नोटीस निघाली. गावातल्या खाणावळवाल्याने मला एवढंच सांगितलं, की या मंडळींची हॉटेलं त्यांचीच, गाड्या त्यांच्याच, गिऱ्हाइकंही त्यांचीच. “आम्हाला फक्त उकाडा राहिला.” मी हसले. तो हसला नाही.

क्लार्क यांनाही सवलती होत्याच, हे लपवायचं कारण नाही. परदेशातल्या कमाईवर कर नको, म्हणून निवासी पाहुण्यांसाठी १९७० च्या दशकात जो कायदा झाला, त्याला लोक ‘क्लार्क कायदा’च म्हणत. मोठं घर, नोकरमाणसं, डॉलरातली मिळकत. शेजाऱ्यापेक्षा त्यांचं आयुष्य केव्हाही सोपं. पण १९७९ पासून २००२ पर्यंत मोरटुवा विद्यापीठाचे ते कुलपती होते, आणि युद्धाच्या, बॉम्बस्फोटांच्या काळात, जेव्हा जमेल तो देश सोडत होता, तेव्हा ते गेले नाहीत. नव्वदाव्या वाढदिवशी त्यांनी तीन इच्छा सांगितल्या. त्यांतली एक श्रीलंकेत शांतता नांदावी अशी होती. युद्ध संपलं मे २००९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने.

किरिंदा

शेवटी किरिंद्याला गेले. खडकावर बुद्धाचं देऊळ, खाली कोळ्यांचं बंदर, वाळूत ओढलेल्या बोटी. संध्याकाळी साडेसहाला ठरल्याप्रमाणे अंधार झाला. मी पायऱ्यांवर बसले. थोड्या वेळाने दूर पाण्यात दिवा लागला, विझला, लागला. रावणाचा थोरला कोट.

शेजारी जाळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारलं, तिकडे बोट जाते का? त्याने बोटांवर मोजून दाखवलं. एक मोसमी वारा संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी, मार्चच्या मध्यापासून सिंहली नववर्षापर्यंत, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत. तेवढे चार आठवडे. बाकी वर्षभर तिथे बोट लावता येत नाही. “तुम्हाला पोहता येतं का, अक्का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, कृष्णेत येतं. तो म्हणाला, मग इथूनच बघा.

तुम्ही जाणार असाल तर मार्चच्या पंधरा तारखेनंतरची तिकिटं काढा, आणि समुद्रात पोहायची सवय नसेल तर आधी एखादा हंगाम तारकर्लीला घालवा.